घुबडानं अडवलेलं विमान

तीर्थस्वरूप ओर्तेन्सिया वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. आपल्या मग्दालेना गावच्या संत फ्रान्सिसच्या कृपेनं मी इकडे अ‍ॅरिझोनात धडधाकट आहे. तुमचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्ही ‘ठीक’ म्हणालात, पण ज्या आवाजात म्हणालात त्यावरून ठीक नसावेत. तुम्ही धाडलेलं सुकं मांस पोचलं. (सीमेवर कुणाला वास कसा आला नाही, हा संतांचाच चमत्कार.)

तुमचा भाऊ फिदेन्सियो देवाघरी गेल्यापासून तुम्हाला एकच घोर, की अंपारो त्या वाळवंटात एकटी काय करते. एकटी कसली? शेकडो विमानं आहेत सोबतीला. कंपन्यांना नकोशी झाली की आमच्याकडे आणून ठेवतात, कारण इथल्या कोरड्या हवेत गंज चढत नाही. आम्ही खिडक्यांना चंदेरी कागद लावायचा, इंजिनांची तोंडं बांधायची, एकाच अंगावर बसून चाकं चपटी होऊ नयेत म्हणून ती अधूनमधून फिरवायची. (थोडक्यात, अंथरुणाला खिळलेल्या मामंजींची सेवा. ती तुम्ही पाहिलीच आहे.)

यंदा फेब्रुवारीत माझ्या निळ्या शेपटीच्या विमानाचा नंबर मोडीत लागला. मोडीचं काम बेर्नाबेकडे. हा टकल्या, मिशाळ माणूस, आणि त्याचं ते विमानाचे कराकरा लचके तोडणारं यंत्र! मी जपायचं आणि ह्यानं तोडायचं, म्हणून तो मला डोळ्यासमोर नको व्हायचा. त्या सकाळी मी चाकांच्या खोबणीत शेवटचा हात फिरवायला शिडीवर चढले, तर आतून फिस्स झालं आणि एक घुबड (क्रूस करा वन्सं, मग पुढे वाचा) थेट माझ्या तोंडावर आलं. मी शिडीवरून खाली, ती नेमकी बेर्नाबेच्या जेवणाच्या डब्यावर.

“बाई, विमानाखालून निघा,” तो म्हणाला. “मला काम आहे.”

“वर अंडी आहेत. आधी मला तोडा, मग विमान.”

“ते बघू. आधी माझ्या तोर्तियांवरून तर उठा!”

मी उठले आणि पक्ष्यांच्या सरकारी बाईंना फोन केला. त्या आल्या, दुर्बिणीतून पाहिलं आणि पिवळी पट्टी बांधून गेल्या. पिल्लं उडेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. बेर्नाबे खुर्ची टाकून समोर बसला आणि दिवसभर माझ्याकडे असा बघायचा, जणू ती अंडी मीच घातली होती.

पण पिल्लं बाहेर आली आणि माणूस बिघडला. कोल्हा दिसला की यंत्राचा भोंगा वाजवायचा, उन्हं चढली की जाळी ताणायचा. एक पिल्लू खाली पडलं, तेव्हा जाड हातमोजे घालून स्वतः वर ठेवायला गेला. (आईनं टकलावर नांगर फिरवला. औषध मी लावलं. शेजारधर्म म्हणून.)

त्याच सुमाराला मालवाहतूक कंपनीची माणसं शेजारचं विमान घ्यायला आली. ते त्यांच्या मनास येईना. तेवढ्यात हे महाशय खुर्चीतून म्हणतात, “हे निळं बघा की. मी जन्मभर विमानं कापलीत. हे कापायला माझा हात होत नाही.” ते हसले. पण पिल्लं उडून गेल्यावर परत आले, आठवडाभर तपासत बसले आणि घेतलं!

विमान निघालं तेव्हा इंजिनानं एवढा धूर ओकला, की मला वाटलं झालं, संपलं. मग ते धावपट्टीच्या पार टोकाला जाऊन उचललं गेलं. मी हुंदके देऊन रडले. बेर्नाबेनं टोपी काढली आणि म्हणाला, “गेलं माझं गिऱ्हाईक.” रडत तोही होता. (धुरामुळे, म्हणे.)

गुडघ्यांना जपा. थोरामोठ्यांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुमची भावजय,
अंपारो

ता. क. : सुकं मांस आणखी धाडाल का? घरात हल्ली दोन माणसं जेवतात.

ता. क. : रविवारीच फक्त.

ता. क. : बरं, रोज. वन्सं, बेर्नाबेनं मला विचारलंय. मी म्हटलं, आमच्याकडे थोरल्या वन्संना विचारल्याशिवाय काही होत नाही. त्या नको म्हणाल्या तर नको. तो बिचारा टपालाच्या वाटेकडे डोळे लावून बसलाय. (तुम्हाला म्हणून सांगते, तुम्ही नको म्हणालात तरी मी लग्न करणार. पण तुम्ही हो म्हटलंत तर लग्नात पोटभर नाचता येईल.)