बाई, तुमचा पाठ बिघडेल

रविवार, ९ नोव्हेंबर
मुलींचं वसतिगृह

ती. मावशीस नमस्कार.

मी इकडे मजेत आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मजेत वगैरे काही नाही. फोन तू उचलत नाहीस, काकांनी उचलला की म्हणतात, "ती आंघोळीला गेलीय." सकाळी आंघोळ, दुपारी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ! म्हणून हे पत्र. पत्र काही मध्येच कापता येत नाही.

आधी इकडचं तिकडचं. तुझी निळी छत्री चुकून माझ्याबरोबर आली आहे. माझे तक्ते तुमच्या मागच्या खोलीत राहिलेत, दादाला ते फेकू देऊ नकोस. खोकला बरा आहे. माझा शेवटचा पाठ झाला, हे तुला माहीतच आहे, तू होतीसच. आईला मी 'छान झाला' असं सांगितलंय. तूही तेच सांग.

छे, असं नाही जमायचं. डोकं अजून तापलेलंच आहे.

आमच्या विद्यापीठाने तुमच्या सरकारी शाळेशी करार केला आणि शिकवायच्या सरावासाठी मला नेमका तुझाच वर्ग मिळाला, तेव्हा मी वसतिगृहात उड्या मारल्या होत्या. तुझ्या घरी राहायचं, तुझ्याच हाताखाली शिकायचं! आणि शिकलेही. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करायची नाही, हे आमच्या एकाही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं, तू सांगितलंस. पहिल्याच दिवशी एका कार्ट्याने विचारलं, "बाई, आज तुमचा पाठ आहे की तुमची पाठ आहे?" तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तूच हसलीस. आम्हाला तिथे कोणी नावाने हाक मारत नाही. आम्ही 'पाठाच्या बाई'. येतो, पाठ घेतो, जातो.

मागच्या बाकांवरची पोरं माझ्याशी बोलायला लागली, त्याला बराच वेळ गेला. त्यांतल्या त्यात ती, जिला तू 'गोगलगाय' म्हणतेस. तिचं खरं नाव इथे लिहीत नाही, तुला आठवतंय का बघ. उत्तर द्यायला वेळ लावते, एवढाच तिचा गुन्हा. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी कागदाच्या पट्ट्या दुमडत बसायचो. अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, हे तिला फळ्यावर बघून कळत नाही, हातात पट्टी असली की कळतं. एकदा तिने पट्टी आणखी एकदा दुमडली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "बाई, हे पावाचं अर्धं. आठातला एक." मला नाचावंसं वाटलं गं! परीक्षेच्या पाठाला फळ्यापाशी तीच येणार, असं आमचं ठरलं.

आणि गुरुवारी काय झालं? परीक्षक सर आत आले. वर्ग उभा राहिला, 'नमस्ते सर' झालं, वर्ग खाली बसला. मागची पाच-सहा पोरं बसलीच नाहीत. त्यांनी दप्तरं उचलली आणि ओळीने मागच्या दाराकडे निघाली. कोणी सांगितलं नाही, कोणी खुणावलं नाही. आधी मला वाटलं, एकदम सगळ्यांनाच शूला लागली की काय! मी गोगलगाईचा हात धरला. "अगं, कुठे निघालीस? तुला फळ्यावर यायचंय ना?"

ती माझी समजूत काढत हळूच म्हणाली, "आम्ही सामानाच्या खोलीत बसतो बाई. साहेब आले की तिथेच बसतो. नाहीतर तुमचा पाठ बिघडेल."

मी वर पाहिलं. मागचं दार तू उघडून धरलं होतंस.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "कोणी कुठे जायचं नाही!" असं ओरडले मी. पोरांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे पाहिलं, आणि गेली.

तर पाठ छान वगैरे झाला नाही, मावशी. पाठ झालाच नाही. मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "सर, माझा वर्ग पूर्ण नाही. मी पाठ घेणार नाही." आईला हे कसं सांगू? सरांनी येत्या गुरुवारची एक संधी दिली आहे. तेव्हाही नाही झाला, तर वर्ष गेलं.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर मला काय म्हणालीस? "पाहुणी म्हणून आलीस, तर पाहुणीसारखं राहावं. माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीस. अगं, तुझ्यासाठीच केलं ना मी!" माझ्यासाठी? दरवर्षी प्रत्येक साहेबासाठी करतेस, पोरांना पाठ झालंय ते!

दादाचा विषय मी काढणार नव्हते. पण तो लहान असताना, साहेब येणार म्हणून त्याच्या शाळेने तुझ्या या लेकाला दिवसभर बाहेर बसवलं होतं, तेव्हा ओल्या हातांनी तशीच धावत गेलीस आणि मुख्याध्यापकांना फैलावर घेतलंस, हे आम्हाला कोणी सांगितलं? तूच ना? दर सुट्टीत मी तुझ्याकडून तेच ऐकायला मागायचे. त्या बाईसारखं व्हायचं म्हणून मी या शिक्षणाला आले. कुठे गेली गं ती बाई? मला तुझा इतका राग आलाय की रडू येतंय.

शुक्रवारी तुझी नजर चुकवून मी गोगलगाईला गाठलं. म्हटलं, "येत्या गुरुवारी उठायचं नाही हं, बसून राहायचं." तिने नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाली, "तुम्ही पाठाच्या बाई. मी आमच्या बाईंना विचारते."

तिने विचारलं का तुला? काय सांगितलंस?

माझं वर्ष गेलं तर जाऊ दे खड्ड्यात. मला तुझी माफी नको, आईपाशी सारवासारवही नको. गुरुवारी सर आत येतील, वर्ग खाली बसेल आणि ती दप्तर उचलेल. तेव्हा तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मार आणि म्हण, "बस." मी कितीही ओरडले तरी ती बसायची नाही. तू म्हटलंस तरच बसेल.

छत्री गुरुवारी आणते.

तुझ्या वर्गातली,
पाठाच्या बाई