हालचाल रजिस्टरातली ओळ

सोम. १७ नोव्हें.

साक्ष झाली. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर कापडी पिशवीत घालून स्वतः नेलं, स्वतः परत आणलं. लिपिक गजानन 'मी येतो मॅडम' म्हणत होते, नको म्हटलं. कोर्टाची खोली अपेक्षेपेक्षा लहान. जज मॅडम, दोन्ही बाजूंचे वकील, टायपिस्ट, आणि कोपऱ्यात आरोपी, तो शिकवणीवाला. बाकी सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं. मुख्याध्यापिका म्हणून माझं काम एवढंच, आमच्या ८ ब मधल्या त्या मुलीची जन्मतारीख शाळेच्या नोंदीवरून सांगायची. त्याच्या वकिलाने विचारलं, ही नोंद बरोबरच आहे कशावरून? म्हटलं, माझ्या शाळेत माझ्या सहीशिवाय नोंद होत नाही. जज मॅडम किंचित हसल्या. बरं वाटलं.

निघताना त्यांनी बजावलं. मुलीचं नाव, घर, शाळा, ओळख पटेल असं काहीही या दाराबाहेर जाता कामा नये. हे मला सांगावं लागतं याचा थोडा रागच आला.

बाहेर मुलीची आई. हिंगण्याला कंपनीत आहे, रजा टाकून आली होती. "मॅडम, पोरगी म्हणते, तिच्या बारीले तुम्ही आत बसल्या तर बोलन. नाही तर नाही बोलत."
तिला माझी भीती नाही वाटत?
"वाटते नं. म्हणूनच तर म्हणते. मॅडमले पाहून तोही भेईन म्हणते."
हसू आलं दोघींना. सरकारी वकील मॅडम म्हणाल्या, मुलीच्या विश्वासातलं एक माणूस बसू शकतं, अर्ज करू. तिची साक्ष १ डिसें.

बुध. १९ नोव्हें.

नाव फुटलं.

त्या शिकवणीला आमच्या एकोणीस मुली जायच्या. गेले चार महिने मनीषनगरात केस सगळ्यांना माहीत आहे, पण मुलगी कोणती ते नाही. एकोणीस जणींच्या आड एक झाकलेली होती. आज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात माझ्या कानांनी ऐकलं: "तेच आहे वं ते. कोर्टवाली." बोट ८ ब च्या दाराकडे.
दोन वाजता ती पोट दुखतं म्हणून घरी गेली. तिच्या बाकावरची दुसरी मुलगी आधीच पुढे जाऊन बसली होती.

गुरु. २० नोव्हें.

आज ती आली नाही. सकाळी आईचा फोन. "मॅडम, चार महिने मी माझ्या सख्ख्या बहिणीलेसुद्धा नाही सांगतलं. कोणं सांगतलं हे?"
म्हटलं, शोधून काढते. गय करणार नाही.

साक्षीच्या समन्सचा कोर्टाचा लिफाफा, ज्यात तिचं नाव होतं, टपालात गजाननने घेतला होता. बोलावलं. उघडला होतात? "नाही मॅडम. जसा आला तसा तुमच्या टेबलावर ठेवला." मग बातमी कशी गेली? खाली बघत उभे राहिले. पुन्हा विचारलं. तरी गप्प. जो गप्प राहतो त्याचं काहीतरी असतं, हा एकतीस वर्षांचा अनुभव. कारणे दाखवा नोटीस हातात दिली. ऑफिसात दोन शिक्षिका आणि शिपाई होते, त्यांच्यासमोर.

शनि. २२ नोव्हें.

शिक्षणाधिकारी कार्यालयात सभा होती. निघताना हालचाल रजिस्टर उघडलं. शाळेबाहेर जाणाऱ्याने वेळ, ठिकाण, कामाचं पूर्ण कारण लिहून सही करायची, हा नियम मी आले तेव्हा मीच कडक केला. नुसतं 'शासकीय काम' लिहिलं तर परत पाठवते.

वेळ लिहायची म्हणून वरच्या ओळींकडे नजर गेली. सोमवार. स. ९.५०. जिल्हा न्यायालय. कु. अमुक तमुक, इ. ८ ब, हिच्या प्रकरणात जन्मतारखेबाबत साक्ष.

पूर्ण नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. अक्षर माझं. सही माझी. हे रजिस्टर ऑफिसच्या दाराशी टेबलावर उघडं असतं, दिवसभर.

सभेला गेले नाही.

पुढचं लिहायलाच हवं. रजिस्टर केबिनमध्ये आणलं. कोऱ्या कागदाची पट्टी कापली, डिंक लावून ओळीवर चिकटवली. खालची शाई दिसत होती, म्हणून वर दुसरी लावली. खाडाखोड केली म्हणून मी लोकांना चारचौघांत बोलले आहे. मग रजिस्टर जागेवर नेऊन ठेवलं. गजानन समोर टाईप करत होते. त्यांना काहीही बोलले नाही.

घरी आल्यावर या वहीतली मागची पानं चाळली. तिचं नाव तीन ठिकाणी होतं. काळं केलं.

रवि. २३ नोव्हें.

काही केलं नाही. संत्री सोलून ठेवली, कुणी खाल्ली नाहीत. गजाननला फोन करायचा होता. सकाळी ठरवलं दुपारी. दुपारी ठरवलं उद्या, समोरासमोर बरं.

सोम. २४ नोव्हें.

गजाननचा खुलासा टेबलावर. दोनच ओळी. लिफाफा मी उघडला नाही. माझ्याकडून काही चूक झाली असल्यास क्षमा असावी.

दार लावून विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना?
"हो मॅडम. मंगळवारी सकाळीच पाहिलं."
मग मला का नाही सांगितलंत?
"तुमचंच अक्षर होतं. तुम्हाले कसं सांगू? मी फाईल ठेवली होती त्या पानावर. पण सही कराले लोक काढतेच नं फाईल. सरोदे सर तर फोटो काढून राहिले होते."
नोटीस घेताना तरी बोलायचं.
"शिपाई उभा होता मॅडम."
म्हणजे माझी लाज राखायला हा माणूस गप्प होता, आणि मी त्यालाच गुन्हा समजले.

सरोदे सरांना बोलावलं. गणिताचे, थट्टेखोर. गेल्या महिन्यात त्यांचं 'वैयक्तिक काम' मी लाल शाईने खोडलं होतं. मला वगळून स्टाफचा एक ग्रुप आहे हे आज कळलं. त्यावर त्यांनी माझ्या ओळीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: बघा गा, आदर्श नोंद. आतापासून असंच लिवायचं.
"वाचलं नव्हतं मॅडम, खरंच. तुमचं वळणदार अक्षर, ओळभर कारण, एवढंच पाहिलं. सगळे हसले. मग लक्षात आलं, डिलीट केलं लगेच."
लगेच म्हणजे दुसऱ्या दिवशी. मधल्या वेळात तो कुण्या शिक्षिकेच्या घरून एका पालकाकडे गेला होता.
रागावता आलं नाही. त्यांनी फक्त फोटो काढला.

तरी नोटीस आजही मागे घेतली नाही. आधी वकिलांना विचारते, असं स्वतःला सांगितलं.

मंगळ. २५ नोव्हें.

सरकारी वकील मॅडमना सगळं सांगितलं. पट्टीचंही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तुमच्याकडे कुणी लेखी मागितलंय का?" नाही. "मग बोलता कशाला? सहा दिवसांवर मुलीची साक्ष आहे. हे समोरच्या वकिलाच्या हाती लागलं तर तो म्हणेल, या बाई रजिस्टरात पट्ट्या चिकटवतात, यांच्या जन्मतारखेवर कोण भरवसा ठेवणार? आणि नाव उघड करणं हा गुन्हा आहे, तुमच्यावरही लागू शकतो."
आणि गजानन?
"कोण गजानन?"

बरोबर आहे. त्यांना गजानन कशाला माहीत असतील.

शेवटी म्हणाल्या, "ठरवा तुम्ही. पण काहीही करायच्या आधी आईला सांगा. मुलीने आत बसायला तुमचं नाव दिलंय."

ऑटोत बसले आणि क्षणभर हलकं वाटलं. गप्प बसायला कारण मिळालं होतं, तेही मुलीच्या भल्याचं. आजपर्यंत जे जे केलं त्यात त्या हलकेपणाची लाज सगळ्यात जास्त वाटते.

बुध. २६ नोव्हें.

संध्याकाळी कंपनीची बस थांबते तिथे जाऊन उभी राहिले. आई उतरली. कोपऱ्यातल्या बंद दुकानाच्या पायरीशी नेलं आणि सांगितलं. बसल्यावर सांगायचं ठरवलं होतं, उभ्यानेच झालं.

"तुम्ही लिवलं?"
हो.
"तुमच्या हातानं?"
हो.

बरोबरच्या बाया जात होत्या. "चाल वं, येत नाही का?" तिने हात केला, व्हा पुढं.

"मंग गजानन भाऊवर काहून घेतलं? आमच्याच गल्लीत राहते तो. त्याची बायको सहा दिवसांपासून रडून राहिली. मीसुद्धा तिच्याशी बोलणं सोडलं."

हे मला सुचलंही नव्हतं. माफी मागायला आले, म्हटलं.

"मले मागून काय होते." डबा या हातातून त्या हातात. "पोरीले मी सांगीन. तुम्ही घरी नका येऊ. तुम्ही आल्या तर लोकं अजून पाहते." जाता जाता: "दाखला तयार ठेवा. कळमेश्वरले बहीण राहते माझी. तिथं टाकतो तिले."

१ तारखेला आणणार का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

गुरु. २७ नोव्हें.

स्टाफ मीटिंग. उभं राहून वाचून दाखवलं. नोटीस विनाअट मागे. चूक माझी, पूर्णपणे. त्यानंतर ती मी झाकायचा प्रयत्न केला, तोही माझा. मग गजानन उठले, "चहा सांगतो" म्हणाले. सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली तेव्हा ते दारात होते. "असू द्या मॅडम," म्हणाले आणि गेले. असू देण्यासारखं नाही हे दोघांनाही माहीत आहे.

पट्टी काढली तर नाव पुन्हा उघडं. ठेवली तर माझी लबाडी झाकलेली. शेवटी अख्खं रजिस्टर कागदात बांधून सील केलं. जज मॅडमना पत्र. चार वेळा लिहिलं. पहिल्या तिन्हीत 'अनवधानाने' हा शब्द होता. खोडला. अनवधान नव्हतं. नियम होता, आणि तो पाळताना त्या ओळीत एक मुलगी आहे हे मी पाहिलं नाही.

शनि. २९ नोव्हें.

यांना आज सांगितलं. पेपर घडी करून ठेवला. "निवृत्तीला सात महिने राहिले तुझ्या. जमलं नसतं का गप्प राहायला?"
जमत होतं, म्हटलं. शनिवार ते बुधवार जमलं.
"आणि कोर्टाने केस केली तर?"
तर होईल.
"घरात मला दूध आणायला निघालो तरी कुठे म्हणून विचारतेस," म्हणाले. चेष्टा होती की नाही कळलं नाही. मग चहा करून दिला.

दाखला लिहून ठेवला आहे. सही केली नाही.

सोम. १ डिसें.

साडेदहापासून बाहेरच्या बाकावर. पत्र आणि रजिस्टर वकील मॅडमनी आधीच आत दिलं. निरोप आला, पत्र फाईलला लावलं आहे, त्यावर काय करायचं ते कोर्ट नंतर कळवेल. मुलीची साक्ष त्यामुळे थांबणार नाही.

अकरा वाजून गेले. येत नाहीत असंच धरून बसले होते. मग जिन्यावरून आई, मागे ती. दुचाकीवर सगळ्या मुली बांधतात तसा तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे उघडे. डोळे माझ्याकडे वळले नाहीत. शिपायाने नाव पुकारलं नाही, केसचा नंबर पुकारला. मीही उठून उभी राहिले.

पाच मिनिटांनी वकील मॅडम दारात आल्या. "जज मॅडमनी तिलाच विचारलं. तुम्ही आत नको म्हणाली. आई बसेल."
बरं, म्हटलं.

दार लागलं. पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत. मध्ये एकदा शिपाई पाणी घेऊन आत गेला. आवाज काही येत नाही, खोली चांगली बंद आहे. तसंच हवं. समोरच्या बाकावर कुणी कुणाला तरी विचारत होतं, आत काय चालू आहे? मी खाली बघत राहिले.

बाहेर आल्या. ती सरळ जिना उतरून गेली. बोलली की नाही, किती बोलली, त्याच्यासमोर कशी उभी राहिली, मला माहीत नाही. चेहऱ्यावरून कळलं असतं, तो झाकलेला होता. वकील मॅडम फोन कानाला लावून बाजूने गेल्या. विचारलं नाही. त्या बंद खोलीतलं विचारायचा हक्क कुणालाच नाही, मला तर इतरांहून कमी.

आई थांबली. "दाखला झाला का?"
लिहून तयार आहे. सही राहिली आहे.
जिन्याकडे बघत म्हणाली, "राहू द्या दोन-तीन दिवस." आणि पोरीच्या मागे गेली.

याचा अर्थ काय लावायचा ते कळत नाही. लावूही नये.

उद्या पहिला तास ८ ब ला, माझा. हजेरी मोठ्याने घ्यावी लागते, गैरहजर असली तरी. तिचं नाव पटावर अजून आहे. तिथवर आले की काय करायचं, ते ठरवलेलं नाही.