अर्ध्या तासाचा आवाज

पवनार,
११ डिसेंबर २०२५

ती. सुलूताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

लहानूमामांच्या मळ्यात येऊन आज दुसरा दिवस. हे पत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून वांग्यांच्या टोपल्यात ठेवते आहे. मामा उद्या वर्ध्याच्या बाजारात माल उतरवतील आणि तू माझं घर सांभाळते आहेस तिथे येऊन तुझ्या हातात देतील. उत्तर रिकाम्या टोपल्यात टाक. माझा फोन तुझ्या बॅगेत कुलूपबंद आहे तोवर आपलं टपाल हेच.

फोन काढून घेतलास ते बरोबरच केलंस. गळ्यातल्या गाठींच्या ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मी एका सभेच्या संयोजकाशी कुजबुजत वीस मिनिटं बोलले. मला वाटलं, कुजबुजणं म्हणजे काही बोलणं नव्हे. डॉक्टर म्हणाले, ते बोलण्याहून वाईट. आता तीन जानेवारीच्या सकाळी ते गळा तपासतील, तोवर एक शब्दही नाही. त्यानंतर तीन महिने दिवसाला फक्त अर्धा तास. ऐकलं नाही तर गाठी परत येतील, आणि मग आवाज गेला तो गेलाच.

मला बोलायची बंदी आहे म्हणजे मला ऐकूही येत नाही, असं मामांनी धरून ठेवलंय. बांधावरून ओरडून विचारतात की पोरी, चहा मांडू काय वं. काल इतके ओरडले की शेजारच्या शेतातली माणसं कोणाला साप चावला म्हणून धावत आली.

बाकी इथे सगळं स्वप्नासारखं आहे. सकाळी धामवर एवढं धुकं असतं की नदी दिसत नाही, फक्त चालल्याचं ऐकू येतं. पलीकडून आश्रमाची घंटा येते. बाजेवर पडल्या पडल्या एखादं वाक्य सुचतं, डोळा लागतो, आणि उठल्यावर कळत नाही की ते कागदावर लिहिलं की झोपेत. तुला माहीत आहे, नऊ वर्षं प्रत्येक स्टेजवर माझी ओळख 'आगामी कादंबरीच्या लेखिका' अशी करून देतात. आपल्या आजीसारख्या, छप्पन साली धम्मदीक्षेसाठी पांढरं लुगडं नेसून पायी नागपूरला गेलेल्या बाईची ही कादंबरी. नऊ वर्षांत बावीस पानं झाली होती. काल एका दिवसात सहा झाली.

माझी बोलणी ऐकावी लागत नाहीत म्हणून प्रेमदासचं अभिनंदन कर. अपेक्षाला जवळ घे. लोभ असू दे. सध्या मला तो न बोलता करावा लागणार आहे.

तुझी,
जागृती


वर्धा,
१४ डिसेंबर

चि. जागूस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुह्यं पत्र वांग्यासंगं मिळालं. पत्र चांगलं होतं, वांगे त्याहून चांगले होते.

घरी सगळं ठीक. तुह्या नवऱ्यानं पोळ्या करायचं मनावर घेतलं आहे. मी कराले गेली तर मले ओट्यापाशी उभं राहू देत नाई. पोळीचा आकार पाहून अपेक्षा रोज सांगते, बाबा आज गोंदिया जिल्हा झाला, आज गडचिरोली. वर्धा काही अजून जमला नाई.

जाम गावचा तो सभावाला पोरगा, आदेश, तीनदा येऊन गेला. तीन जानेवारीच्या सावित्रीमाईच्या सभेचे हँडबिल छापून मोकळा झाला, त्याच्यात तुह्यं नाव सगळ्यात मोठं. मी त्याले म्हटलं, अरे बाप्पा, तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तुले समजते का नाई? तर म्हणते कसा, ताई, डॉक्टरनं अर्धा तास देल्ला ना, आमचंही भाषण अर्ध्या तासाचंच आहे! जसा काही डॉक्टरनं त्याच्यासाठीच राखून ठेवला. तुले काय करायचं ते लिहिजो.

मेघा आणि मंदा भेटाले आल्या होत्या. शाळेपासूनची मैत्री तुमची, दरवर्षीचं गोवऱ्यांवरच्या रोडग्यांचं जेवण, आणि तू चार वर्षं झाले गेली नाईस. यंदा २८ तारखेच्या रविवारी मामाच्याच मळ्यात करू म्हणतात.

एक सांगू? तुह्या सभेचा विषय निघाला का अपेक्षा उठून जाते. काऊन जाते ते सांगत नाई. तूच पत्रात विचारून पाह्यजो.

शहाण्यासारखी राह्यजो. माया आहेच, ते काही तुह्या आवाजावर नाई.

तुह्यी,
सुलूताई


पवनार,
१८ डिसेंबर

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

आदेशला सांग, मी येते. आणि तू रागावू नकोस, आधी ऐकून घे. ज्या बाईनं अंगावर शेण झेलत शाळा चालवली, तिच्या जयंतीला मी गळ्याला मफलर गुंडाळून घरात बसू? वीस वर्षांत हा एक दिवस मी चुकवलेला नाही. कुठे चौकात बोलले, कुठे माईक बंद पडल्यावर टेबलावर उभी राहून बोलले. सकाळी डॉक्टरांनी परवानगी दिली की मी थेट जामच्या गाडीत बसणार. त्या दिवसाची तीसही मिनिटं समोर बसलेल्या बायांची. घरचे समजून घेतील. आजवर घेतलंच आहे.

मेघा-मंदाला मात्र या वर्षी नको म्हणून सांग. मला बोलता येणार नाही, मग मी त्यांच्यात बसून काय करू? शिवाय लेखन आता कुठे चालायला लागलंय. पन्नास पानं झाली. पण खरं सांगू, कालपासून अडकलंय. माझी बाई नागपूरच्या वाटेला लागली आहे, चालते आहे, आणि तिचं पाऊल काही पुढे पडत नाही.

परवा स्वप्न पडलं. मी नदीत उभी राहून भाषण करते आहे आणि पाणी श्रोत्यांसारखं समोरून येतंय, थांबत नाही, टाळ्या वाजवत नाही, माझ्या पायांना लागून निघून जातंय. जाग आली तेव्हा घाबरायला हवं होतं. उलट फार हलकं वाटलं.

सोबतची चिठ्ठी अपेक्षाला दे. तिला सरळ विचारलं आहे.

लोभ कमी झाला तर पत्रातून कळव, टोपल्यात भरून परत पाठवीन.

तुझी,
जागृती


वर्धा,
२१ डिसेंबर

ती. आईस,
जय भीम.

तू विचारलंस म्हणून सांगते. रागावू नकोस. रागावलीस तरी ओरडता येणार नाही.

तू सभेवरून येतेस तेव्हा तुझा आवाज संपलेला असतो. मी काहीही सांगितलं तरी तू हं म्हणतेस. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी भाग घेतला नाही, तेव्हा सर म्हणाले की एवढ्या मोठ्या वक्त्याची मुलगी आणि बोलत नाही. मला सांगावंसं वाटलं की आमच्या घरात बोलणं बाहेर असतं.

मला आता कळलं की तुला रोज अर्धा तास मिळणार आहे. मला त्यातली दोनच मिनिटं दे. पण सुरुवातीची दे. शेवटची नको, शेवटची मला नेहमीच मिळतात.

बाबांचा वर्धा जिल्हा काल जमला. आम्ही तो खाल्ला नाही, मावशी बाहेरून आली की दाखवायला ठेवला होता, पण तो कडक झाला.

मामाआजोबांना सांग, मुळा पाठवू नका.

तुझी,
अपेक्षा


पवनार,
२९ डिसेंबर

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

मी नको म्हटलं असतानाही तू मेघा-मंदाला पाठवलंस. तुझ्या या हुकूमशाहीचा मी जाहीर निषेध करते आणि तुझे पाय धरते.

काल दोघी सकाळच्या बसने उतरल्या. मंदानं कणकेचं गाठोडं आणलं होतं. मामांनी आंब्याखाली गोवऱ्या पेटवल्या. मी पाटी घेऊन बसले, तर मेघानं ती ओढून तिच्यावर वांगी चिरली. म्हणाली, वीस वर्षं तू बोललीस आणि आम्ही ऐकलं, आज आमची पाळी. आणि बोलल्या! मेघाची दवाखान्यातली बदली, मंदाच्या सुनेची नवी गाडी, शाळेतल्या मास्तरांची टोपी. मला मध्ये काहीच म्हणता येत नव्हतं. म्हणता येत नव्हतं म्हणूनच बहुधा, माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की मेघाचा नवरा वारल्याला तीन वर्षं झाली आणि तिनं मला त्या दिवसांबद्दल कधी सांगितलंच नव्हतं. सांगणार केव्हा? मी थांबत कुठे होते?

जेवण झाल्यावर मेघाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. पानांतून ऊन हलत होतं, हाताला तुपाचा वास होता, नदी चालली होती. त्या दोघी हळू आवाजात बोलतच होत्या. इतकी गाढ झोप मला कुठल्याही गाजलेल्या सभेनंतर लागलेली नाही.

उठल्यावर अपेक्षाचं पत्र त्यांना वाचायला दिलं. मंदानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

ताई, मी गावोगाव ओरडून सांगत आले की बाईनं सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खायचं नाही, पहिल्या पंगतीला बसायचं. टाळ्या घेतल्या त्यावर. आणि माझ्या लेकीला मी वर्षानुवर्षं उरलेला आवाज वाढला. जे बोलले ते खोटं नव्हतं. पण आता त्याच तोंडानं जामला जाऊन पुन्हा तेच बोलायचं असेल, तर आधी घरी जावं लागेल.

सभा मात्र सोडायची नाही. भाषण लिहून पाठवते आहे, आठ पानं आहेत. तू वाच. होय, तूच. प्रमाण भाषेचा घोटाळा झाला तर तुझ्या भाषेत सांग. बायांना ती जास्त कळेल. आदेशला तूच समजाव, तुझ्यापुढे त्याचं काही चालत नाही.

लोभ होताच, आता थोडं धाडसही असू दे.

तुझी,
जागृती


कारंजा (घाडगे),
४ जानेवारी २०२६

चि. जागूस,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तू तीन तारखेच्या गाडीनं घरी परतली आणि मी त्याच्या आधीच तुह्या घरून जामले निघून गेली, सभा झाल्यावर तिथूनच इकडं माह्या घरी आली, म्हणून आपली भेट राह्यली. हे पत्र आता खरोखरच्या पोस्टानं टाकतो, इथून वांगे येत नाईत.

आदेशचं तोंड आधी कारल्यासारखं झालं होतं. मी स्टेजवर चढली. दोन पानं वाचले. तिसऱ्या पानावर तू लिहिलं होतं, पहिल्या पंगतीचं. तिथं आली आणि मले आपली माय दिसली, चुलीपाशी बसून भांडं पुसून खाणारी. मग कागद खाली ठेवला आणि मायचंच सांगत बसली. समोर एक म्हातारी पदर तोंडाले लावून रडून राह्यली होती, ते पाहून मी आणखी सांगतलं. आदेशनं घड्याळ दाखवलं, चिठ्ठी पाठवली, शेवटी माईकपाशी येऊन उभा राह्यला. पन्नास मिनिटं झाले होते, जागू! आता म्हणते, ताई, फेब्रुवारीत समुद्रपूरले येता का?

माहा गळा बसला आहे. तुह्या डॉक्टरचा पत्ता नको पाठवू.

अपेक्षाले पहिले मिनिटं देल्ले का नाई, ते सविस्तर लिहिजो. ते वाचल्याशिवाय माया पातळ होणार नाई आणि घट्टही होणार नाई.

तुह्यी,
सुलूताई


वर्धा,
८ जानेवारी

ती. ताईस,
सविनय जय भीम. वि. वि.

पन्नास मिनिटं! माझा विक्रम मोडलास. आपल्या आईच्या गोष्टीला मी आठ पानांत हातही लावू शकले नव्हते.

आता इथलं ऐक. तीन तारखेला डॉक्टरांनी तपासून बोलायला हरकत नाही म्हणून मान हलवली, तरी मी तिथे बोलले नाही. पाटीवरच धन्यवाद लिहिलं. घरी आले. अपेक्षा माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिनं मोबाईलवर तीस मिनिटांचा गजर लावला आणि म्हणाली, कर सुरू. दोन आठवडे मी हे पहिलं वाक्य मनात घडवत होते. तोंड उघडलं आणि सवयीनं, फाटक्या आवाजात, काय बाहेर पडावं? उपस्थित बंधू आणि भगिनींनो! खोलीत ती एकटी. ती इतकी हसली, इतकी हसली की प्रेमदास हातात लाटणं घेऊन धावत आला. मीही हसले. दोन मिनिटं हसण्यातच गेली आणि तिनं ती मोजली नाहीत.

मग मी तिला कादंबरीची पहिली पानं वाचून दाखवली, ती पायी नागपूरला निघालेली लेकुरवाळी बाई. तिनं हनुवटीवर हात ठेवून ऐकलं. झाल्यावर एकच विचारलं: ही बाई गेली, तेव्हा तिनं तिच्या मुलीला कोणाजवळ ठेवलं होतं?

ताई, नऊ वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. माझ्या बाईचं पाऊल का पडत नव्हतं, ते मला तिथेच कळलं. ती मागे वळून पाहत होती. दुसऱ्या दिवसापासून सकाळी लिहायला बसते आहे. मुलगी आता कडेवर आहे आणि बाई चालायला लागली आहे. मेघा दर रविवारी येते म्हणाली आहे. बोलणार तीच.

तीन तारखेच्या त्या दुपारी गजर वाजायला अजून अकरा मिनिटं होती. मी दाराच्या पायरीवर उन्हात जाऊन बसले. प्रेमदास शेजारी येऊन बसला, अपेक्षा माझ्या पाठीला पाठ लावून पुस्तक वाचू लागली. तिकडे जामला तू स्टेजवर चढत असशील. मला काही म्हणावंसं वाटलं नाही. गळ्यात आवाज शिल्लक असताना घरच्यांत बसण्याची ही माझी पहिलीच वेळ होती.

गळा सांभाळ, आणि लोभ पहिल्या पंगतीत वाढ.

तुझी,
जागृती