पुलाला चोपडलेलं लोणी

माय, आज भाकरीवर लोण्याचा गोळा घेतला आणि एकटाच हसत बसलो. सुनेला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. तिला काय सांगू? मला जिंतूर रस्त्यावरचा आपला पूल आठवला, आणि पदर खोचून माझ्यावर खेकसणारी तू.

निजाम गेल्यावर आपल्याकडं नवे रस्ते व्हायला लागले, तेव्हाचा तो सिमेंटचा पूल. बाप त्याचा मिस्त्री. पुरानंतर खांबावर बारीक चीर दिसली आणि गावभर झालं, 'आतून पोकळ हाय, मिस्त्र्यानं सिमेंट खाल्लं.' यष्टी बंद झाली. बापाचं जेवण तुटलं. ताटावर बसायचा, घास मोडायचा आणि उठायचा. पुण्याहून साहेब तपासणीची पेटी घेऊन आले, आणि नेमका मीच बांधकाम खात्यातला नवा ओव्हरसियर, त्यांच्या हाताखाली. खांबाच्या एका अंगाला पेटीच्या तारेचं एक बटण टेकवायचं, दुसऱ्या अंगाला दुसरं, आणि इकडून तिकडं आवाज सोडायचा, माणसाच्या कानाला ऐकूच न येणारा. काँक्रीट भरीव असलं तर तो झटकन पार होतो, पोकळी असली तर उशीर लावतो. पण बटणाखाली हवा राहिली तर आत शिरतच नाही, म्हणून मध्ये वंगण लागतं. आणि वंगणाचा डबा राहिला परभणीला! साहेब म्हणाले, कोरडंच लावून बघू. पेटीच्या काचेवरची रेघ हललीसुद्धा नाही. 'बघा, पोकळच!' लोक ओरडले. मी घसा फोडून सांगतोय, पण ऐकतो कोण? बाप मटकन दगडावर बसला.

तेवढ्यात तू येतेस, बापासाठी भाकरी आणि ताजं लोणी घेऊन. मी वाटीत हात घालतो. 'आरं मुडद्या, त्यायच्या पोटात धड अन्न न्हाई, आन् तू लोणी पुलाला चोपडायलायस?' कारण कळल्यावर मात्र वाटी ओढून घेऊन तूच चोपडायला लागलीस, लेकराला तेल लावावं तशी. आणि वर खांबालाच कान लावून म्हणालीस, 'मला तर काईच ऐकू येत न्हाई बाबा.' साहेबसुद्धा हसले. आणि रेघ उडाली! जागोजागी आवाज पार. फक्त डाव्या खांबाच्या तळाशी उशीर लागला, तशी मी साहेबांच्या कानाशी लागून ते हळूच सांगितलं. बापच म्हणाला, 'सांग की मोठ्यानं. तितं गिट्टी बसली नसंल. फोडा, मी भरतो.' फोडलं तर नारळ मावेल एवढी पोकळी निघाली. बाकी पूल ठणठणीत. बापानं हात धुतले आणि तुझ्यापुढं येऊन बसला.

'आता कशाला लावून खाता?' तू रिकामी वाटी दाखवलीस. 'कोरडीच दे. लय भूक लागलीया.' बाप खात होता आणि इतके दिवस घट्ट राहिलेली तू ढसाढसा रडत होतीस. मला किती आनंद झाला होता, माय, ते तेव्हा बोलता आलं नाही.

हे पत्र टाकायचं कुठं ते ठाऊक नाही, उशाखालीच राहील. पण एक सांगतो, घरात कुणाला बोललो नाही. मागच्या आठवड्यात त्या रस्त्यानं गेलो, पाय मोकळे करतो म्हणून उतरलो आणि तू लोणी लावलं होतंस तिथं कान टेकवला. काही ऐकू येत नसतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तरी बराच वेळ उभा राहिलो. वरून माणसांनी भरलेली यष्टी दणदणत गेली. बापाला सांग.