व्याह्यांच्या पिशवीत काय आहे?

रविवार, ६ जुलै. संध्याकाळ. बाली.
पोचलो. आम्ही चौघं. मी, ही, आणि जावातल्या सोलो शहरचे प्रियात्मो नवरा-बायको, म्हणजे होणारे व्याही आणि विहीणबाई. होणारे. घोळ तिथंच आहे.

आमच्या वेनिंगचं आणि त्यांच्या दानूचं जमलंय. मुलाकडच्यांनी रीतसर सुराबायाला आमच्या घरी येऊन मागणी घालायची, एवढंच बाकी. वर्षभर फोन करतोय. प्रियात्मो म्हणतात, बघू या. इतकं गोड म्हणतात, की फोन ठेवल्यावर लक्षात येतं, काहीच ठरलं नाही. सोलोची माणसं अशीच. आम्हा सुराबायावाल्यांचं पोटात तेच ओठात.

म्हणून ही ट्रिप, माझ्या खर्चानं. माणूस देवळात कळत नाही, बाजारात कळतो. शनिवारी परतायच्या आत तारीख घेणार. तोवर डोळे उघडे, कान उघडे. फरशीच्या दुकानात हमाल म्हणून लागलो, आज पाटीवर माझं नाव आहे. ते काही झोपा काढून झालं नाही.

सोमवार, ७ जुलै.
सगळ्यांना पहाटे उठवलं. सुकावतीचा बाजार उघडताना गाठायचा, हे माझं तंत्र. भवानी व्हायची असते. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती गेलं तर दिवस वाया, असं या बायका मानतात. आमच्याकडेही मानतातच. म्हणजे सकाळी सगळा बाजार आपल्या मुठीत.

पहिल्या बाईकडून कमरेला गुंडाळायचं सारोंग घेतलं. तिनं सांगितल्याच्या तिसऱ्या हिश्शात! तिनं नोट घेतली आणि सगळ्या मालावरून आपटत फिरवली, खपू दे, खपू दे म्हणत. मला वाईट वाटलं. आणखी उतरली असती.

दुसरीकडे लाकडी मांजर. चौथ्या हिश्शावर आणलं. ती म्हणाली, घ्या हो साहेब, भवानी आहे, उठू नका. एवढ्या लवकर कबूल? म्हणजे मांजरात काहीतरी खोट असणार. उठलो. तिसरीकडे पंखे, चौथीकडे वाऱ्यावर वाजणाऱ्या बांबूच्या घंटा. सगळीकडे भाव जमिनीला टेकवला आणि उठलो. वस्तू कुणाला हव्या होत्या? मुलीचा बाप कसा तयारीचा आहे, ते व्याह्यांनी बघायला हवं होतं.

बघितलं. म्हणाले, फारच बारकाईनं बघता हो तुम्ही. चेहराच पडला होता त्यांचा. प्रभाव पडला.

मग बाथरूमला म्हणून गेले ते बऱ्याच वेळानं आले. हातात कापडी पिशवी. जाताना नव्हती.

ही मात्र दिवसभर फुरंगटलेली. म्हणते, अहो, त्या मांजरवालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, उदबत्तीचा धूर.

मंगळवार, ८ जुलै.
उबुदचा बाजार. पुन्हा पहाटे. खेळायचा पतंग, चांदीचं पैंजण, टेबलावरचं कापड. तिन्ही ठिकाणी जिंकलो, काहीही न घेता.

व्याही तीनदा बाथरूमला. मधुमेह असावा. मग दानूलाही होणार. हे आम्हाला कुणी सांगितलं का? नाही. नोंद केली.

दुपारी गाडीपाशी ते ड्रायव्हर नेंगाहशी कुजबुजत होते. माझे कान तिखट. व्याही म्हणाले, तुम्ही पुढं जाऊन त्यांना सांगून ठेवा, मी मागून येतोच. नेंगाह म्हणाला, काळजी करू नका काका, बाजारात आता ओळखतात तुम्हाला.

ओळखतात! सोलोच्या निवृत्त शाळामास्तराला उबुदच्या बाजारात ओळखतात! पिशवी फुगलीय. एकीच्या दोन झाल्यात.

बुधवार, ९ जुलै.
उकललं. कमिशन. गिऱ्हाईक आणलं की ड्रायव्हरला दुकानाकडून काहीतरी मिळतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. व्याह्यांनी नेंगाहशी भागी केलीय. मी ज्या दुकानातून उठतो त्याच दुकानात हा माणूस मागून जातो, म्हणजे दुसरं काय असणार? माझ्या खर्चानं ट्रिप, वर माझ्याच नावावर दलाली. असल्या घरात पोरगी द्यायची?

हिला सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही जरा उन्हात कमी फिरा.

दुपारी समुद्राकाठच्या मॉलमध्ये. एसी बरा होता. पाटी होती, एकावर एक फुकट. एकाच्या किमतीत आधीच दोन्हींची किंमत धरलेली असणार, म्हणून शर्टाचा अर्धा भाव सांगितला. काउंटरवरची पोरगी हसली. मी हसलो नाही. तिनं मॅनेजरला बोलावलं. मॉलमध्ये घासाघीस चालत नाही म्हणे. म्हटलं, चालत नाही की तुम्हाला जमत नाही? मागं रांग लागली. एक ऑस्ट्रेलियन बाई टाळ्या वाजवायला लागली. माझ्या बाजूनं होती बहुतेक.

व्याही समोरच्या काचेतला बायकांचा स्विमसूट न्याहाळत उभे होते, आमची जन्मात ओळख नसल्यासारखे. त्यांच्या पिशवीतून एक कान वर आला होता. लाकडी. मांजराचा.

ते मांजर माझं होतं.

गुरुवार, १० जुलै.
काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

घरी न्यायचा खाऊ घेत होतो. दुधाची गोड बिस्किटं, शेंगदाणे, सालाकची फळं. शेजारीपाजारी, भाचे, दुकानातली माणसं, सगळ्यांना काहीतरी न्यावंच लागतं, नाहीतर बालीला गेलो होतो हे कोण मानणार? ऐन गर्दीत म्हटलं, व्याहीबुवा, पिशव्या उघडा.

ते म्हणाले, आत्ता नको, गाडीत दाखवतो. म्हटलं, आत्ता. इथंच.

उघडल्या. मांजर, पंखे, घंटा, पतंग, पैंजण, कापड. मी जे जे टाकून उठलो ते सगळं. मोठ्यानं विचारलं, कमिशन किती मिळालं?

शेंगदाण्याच्या काउंटरवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. व्याही आवाज न चढवता बोलले. म्हणाले, माझी आई सोलोच्या बाजारात बाटिकची कापडं घेऊन बसायची. भवानीचं गिऱ्हाईक उठून गेलं, की दुपारपर्यंत ती कुणाशी बोलत नसे आणि आम्ही भावंडं घरी शहाण्यासारखी वागायचो. आपण पोरांच्या लग्नाचं बोलायला निघालोय. इतक्या बायकांची हाय पदरात बांधून कसं बोलायचं? म्हणून मागून जाऊन तीच वस्तू घेत होतो. त्यांची भवानी व्हावी म्हणून.

विचारलं, कितीला?

म्हणाले, सांगतील त्या भावाला.

सांगतील त्या भावाला! खाली बसलो. लोकांना वाटलं, लाज वाटली. तीही वाटली असेल थोडी, पण नंतर.

विहीणबाई हिचा हात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ताई, आम्ही तारीख काढूनच निघालो होतो हो. पहिल्या दिवशीच सांगणार होतो. आता यांनाच विचारा.

मी विचारलं. व्याही म्हणाले, बघू या.

जेवलो नाही. वेनिंगचा फोन आला होता. काय कळलं का, विचारत होती. ही म्हणाली, बाबा झोपलेत. मी समोरच बसलो होतो.

शुक्रवार, ११ जुलै.
उपाय सापडला. सोपा आहे. पहाटे एकटाच सुकावतीला. पहिल्या दुकानात जायचं, सांगतील तो भाव द्यायचा, भवानी करायची, दुसरीकडे जायचं. व्याह्यांना पुरावा दाखवायचा.

मांजरवाली दुकान मांडत होती. मला बघितलं आणि मांडलेल्या मालावर चादर ओढली. म्हणाली, अजून उघडलं नाही, साहेब. म्हटलं, बाई, सांगाल तो भाव. ती म्हणाली, आधी दुसरं कुणीतरी येऊन जाऊ दे, मग या. पंखेवालीनं चादर ओढली. घंटावालीनं ओढली. सारोंगवालीनं, जिच्याकडून खरोखर घेतलं होतं तिनंसुद्धा! मी चालतोय आणि पुढच्या पुढच्या दुकानांवर चादरी पडताहेत. अख्खी गल्ली बिछान्यांसारखी दिसायला लागली.

दोन्ही हातांत नोटा घेऊन मधोमध उभा होतो. चाळीस वर्षं लोकांना माल विकला. कुणी मला माल विकायलाच तयार नाही, असं कधी झालं नव्हतं.

मागून आवाज आला, चला. व्याही. नेंगाहनं आणलं होतं त्यांना. हिनं उठवलं असणार. ते पुढं झाले. बायकांशी काहीतरी बोलले, हसले. चादरी निघाल्या. त्यांनी एकेका दुकानातून एकेक वस्तू उचलायची, मी मागं उभं राहून त्यांच्या हातात नोटा द्यायच्या, त्यांनी बाईला द्यायच्या. माझ्या हातून थेट कुणी घेतली नाही. प्रत्येकीनं नोट मालावरून फिरवली. एकदाही तोंड उघडलं नाही मी. पतंगांना तर तिप्पट लावले होते, तरी नाही.

परतताना गाडीत व्याही खिडकीबाहेर बघत म्हणाले, सप्टेंबरचा दुसरा रविवार. आम्ही मागणी घालायला येतो.

मी नेंगाहला म्हटलं, एसी वाढव रे जरा, डोळ्यांत धूळ जातेय. काचा बंद होत्या म्हणे.

शनिवार, १२ जुलै. विमानतळ.
व्याह्यांनी स्वतः वेनिंगला फोन लावला. म्हणाले, तुझ्या बाबांना आता इथं अख्खा बाजार ओळखतो. पोरगी हरखली. व्याही एक अक्षर खोटं बोलले नव्हते.

मग विहीणबाई आणि ही लग्नाच्या कामांची वाटणी करत बसल्या. कापड व्याही घेणार. मांडव व्याही ठरवणार. आचारी, फुलं, वाजंत्री, सगळं व्याही. मुलीकडचं कामसुद्धा मुलाकडचे करणार! विचारलं, मग मी?

ही म्हणाली, तुम्ही दारात उभं राहायचं. येईल त्याच्याशी हात मिळवायचा. हसायचं. कुणी आहेर आणला तर घ्यायचा आणि केवढ्याला पडला, ते विचारायचं नाही.