हिरवं लुगडं अन् वहीतलं नाव

दिवाळीनंतरचा बुधवार, सांजेले

सगळ्यात आधी तेल्हाऱ्याच्या कॉलेजातले शेख सर आले, चप्पल काढता काढताच चहा नको म्हणत. मागून ग्रंथालयाच्या मॅडम आल्या, हातात दोन मोठ्या थैल्या. कॉलेज सुटल्यावर ही माणसं गावोगाव फिरून कपडे गोळा करतात, असं सुनबाई सांगत होती. मले वाटलं, मागाले आले. दारात आलेल्याले रिकामं कसं पाठवावं? पेटी उघडली अन् एकदाच नेसलेलं हिरवं लुगडं थैलीत टाकलं. हिरवंच कावून काढलं? जुनं तर वरतीच होतं. पण देताना हात चांगल्यावरच जाते.

मॅडमचं तोंडच उतरलं. "आजी, आमी द्याले आलो होतो."

"मंग आधी कावून नाई बोलल्या?"

त्यांच्या वहीत माझं नाव दिसलं. थोडंफार वाचता येते. वर 'घेणारे' लिहिलं होतं. औंदा कपाशीनं दगा देल्ला, म्हणून लिहिलं असन. खोटं नाई, पण मन खट्टू झालं.

शेख सर लुगडं वापस देऊन राहिले होते. मी म्हटलं, "ठेवा ते. जुन्या साड्या आणून द्या, तुमच्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या पोरींसाठी गोधड्या शिवून देतो."

सर हसले. "आजी, तुमी तर आमच्याच स्टाफातल्या निघाल्या."

मॅडमनं नाव खोडून दुसऱ्या पानावर लिहिलं. मी चष्मा लावून पाहिलं. 'देणारे.'

हिरवं लुगडं गेलं, त्याचं काई नाई. इतवारी साड्या घेऊन येतो म्हणाले.