आईची इस्त्री आणि दोन सिलिंडरची गाडी

ड्रमाकेरी,
मंगळवार, कपडे वाळत घालून झाल्यावर

माझी थोरली बहीण ईनाताई हिला धाकट्या नेटाचा नमस्कार, आणि लिनझीकडून दोन्ही गालांवर पापे. तुझा गुडघा कसा आहे? स्ट्रॅनरारला समुद्राचं वारं, त्याने सांधे धरतात, तेव्हा लोकरीची पट्टी सोडू नकोस. इकडे माझा डावा खांदा सोडला तर सगळं उत्तम, आणि खांदा दुखतोय तो आनंदाने. तो कसा, ते पुढे येईलच. (शाळा तू शिकलीस, मी गिरणीत गेले. म्हणून माझं पत्र सरळ रेषेत चालत नाही, हे तुला ठाऊकच आहे.)

तर ताई, आपली लिनझी जिंकली! आपल्या गावच्या शर्यतीत, आपल्याच दारावरच्या रस्त्यावर, आजोबांच्या मोटारसायकलवर! कप माझ्या चुलीवरच्या फळीवर आहे, चहाच्या डब्याशेजारी. त्यात मी चमचे ठेवलेत, उगीच रिकामा कशाला ठेवायचा.

पण मधे जे झालं ते ऐक. आमच्या ह्यांना (देव त्यांना सुखात ठेवो, आणि तिथे त्यांच्या हाती ड्रिल न देवो) गाडी हलकी करायचं वेड होतं ते तुला आठवतंय ना? आमच्या ह्या वेस्लीच्या हातात ड्रिल आलं की दिसेल त्या लोखंडाला भोकं. ब्रेकच्या दांडीला भोकं, पाय ठेवायच्या पट्टीला भोकं. एकदा सरावासाठी माझ्या पळीच्या दांड्यालासुद्धा पाडली, त्या रविवारी रस्सा माझ्या बाहीत. म्हणायचे, नेटा, भोकाला वजन नसतं. जन्मभर माणसाने एवढं एकच तत्त्वज्ञान सांगितलं आणि त्याच तत्त्वज्ञानाने शुक्रवारी संध्याकाळी आमच्या पोरीचा घात करायला घेतला.

झालं असं. शर्यतीत लिनझीच्या वर्गात दोन जातींच्या गाड्या एकत्र पळतात. एक चार सिलिंडरच्या, इंजिन लहान. दुसऱ्या दोन सिलिंडरच्या, इंजिन मोठं. चारवाल्या सरळ रस्त्यावर डुकराच्या पिलासारख्या किंचाळत पुढे जातात, दोनवाल्या वळणातून बाहेर पडताना बैलासारख्या ओढतात. आता मोठ्या इंजिनाने लहानाला खाऊ नये म्हणून क्लबने नियम केलाय की दोन सिलिंडरच्या गाडीचं वजन अमुक एका आकड्याखाली असता कामा नये. तपासणीला दूधडेअरीच्या अंगणात काटा मांडलेला. आपली गाडी चढवली आणि काट्याने मान हलवली. कमी! जवळजवळ तीन किलोंनी कमी. ह्यांची सगळी भोकं एका जागी जमून आली म्हण ना.

तपासनीस क्लिफर्ड भला माणूस, पण नियमाच्या बाबतीत स्वतःच्या आईलाही सूट देणार नाही. म्हणाला, सकाळी वजन भरून आण, नाहीतर या वर्गातून नाव काढतो. आणि दुसऱ्या वर्गात जायचं म्हणजे एक हजार सीसीवाल्या राक्षसांत, तिथे ही गाडी म्हणजे मिरवणुकीच्या मागून चालणारं गाढव. म्हणजे या गाडीला पळायला दुसरी जागाच नाही ताई. गोठ्यात उभी राहायची आणि कोंबड्यांनी तिच्यावर बसायचं. पोरीचा चेहरा एवढासा झाला. तुमची गाडी पळवीन, असा शब्द तिने ह्यांना त्यांच्या शेवटच्या दिवसांत दिला होता. आणि बाजूला मर्विन गॉल्ट चहा पीत उभा. (तोच, ज्याच्या बापाने आपल्या बाबांची बोकड-शर्यत बंद पाडली होती. त्यांच्या घराण्यात ते वंशपरंपरागत आहे.) त्याचा मुलगा रिकी चार सिलिंडरवर पळतो. मर्विन मला म्हणतो, "काय नेटाकाकू, गाडी उपाशी ठेवता वाटतं?" मी म्हटलं, "आम्ही गाडीला उपाशी ठेवतो मर्विन, तुझ्याकडे पोट ठेवायला जागा नाही." लोक हसले. पण हसण्याने वजन वाढत नाही.

दुकानं बंद. शिसं कुठून आणायचं? मी म्हटलं, मीच मागे बसते. लिनझी म्हणाली, "आजी, तीन किलो हवेत, तीन पोती नव्हे." (पोरीची जीभ तुझ्यावर गेली आहे.) मग मी चुलीकडे पाहिलं, आणि चुलीशेजारी आईची इस्त्री! ती तापवायची, भरीव लोखंडाची. मी ती उचलली आणि हातानेच ओळखलं. ताई, त्या इस्त्रीने मी अख्ख्या गावाच्या कॉलरी सरळ केल्यात, माझ्या मनगटाला कोणत्याही काट्यापेक्षा तिचं वजन पक्कं पाठ आहे.

लिनझीने आजोबांचं ड्रिल काढलं. ज्या ड्रिलने जन्मभर वजन घालवलं, त्याच ड्रिलने आता वजन बांधायचं होतं. मी डोक्यावर उभी राहून बजावत होते, दोनच भोकं पाड, तिसरं नको, भोकाला वजन नसतं! इस्त्री सीटखाली, सायलेन्सरच्या अंगाला, दोन बोल्टांनी आवळली. मूठ बाहेर डोकावत होती, पण देखणी दिसत होती.

सकाळी काट्यावर वजन भरलं. क्लिफर्ड वाकला, चष्मा वर केला, खाली केला. "ही काय वस्तू आहे?" "इस्त्री." "इस्त्री कशासाठी?" "पोरगी चुरगळू नये म्हणून." मर्विन तापला. आज इस्त्री, उद्या कढई बांधतील, ही शर्यत आहे की परीटघर! क्लिफर्डने शांतपणे नियम वाचला. वजन भरीव असावं, दोन बोल्टांनी घट्ट असावं, हलता कामा नये. त्याने मूठ धरून गदागदा हलवली. गाडी हलली, इस्त्री नाही. जा म्हणाला.

शर्यतीला रस्ता बंद झाला की आपण आपल्याच घरात कैदी, हे तुला माहीतच आहे. यंदा माझ्याबरोबर चर्चचे पाळकसाहेबही अडकले. ते फक्त अंडी परत द्यायला आले होते आणि रस्त्याला दोरी लागली. माझे मनुक्यांचे सगळे पाव त्यांनी फस्त केले आणि वर म्हणाले, गतीची हाव चांगली नाही. मी कुंपणाच्या भिंतीवर, गवताच्या गठ्ठ्यामागे. खोटं कशाला सांगू, मी डोळे मिटून घेते. ह्यांच्या वेळीही मिटायची. पण कान उघडे असतात. रिकीची गाडी पुढून किंचाळत गेली, आणि तिच्यामागे आपल्या दोन सिलिंडरचा तो घुमणारा आवाज, गोठ्यात ह्यांनी गाडी सुरू केली की ताटं वाजायची ना, तो. प्रत्येक फेरीला घुमणं किंचाळीच्या थोडं आणखी जवळ, शेवटी तर तिला चिकटलेलंच. शेवटच्या फेरीला आपल्या गल्लीचं वळण आलं. चार सिलिंडर वळणातून दम गोळा करत बाहेर पडतंय तोवर आपला बैल उठला! मी डोळे उघडले तेव्हा आधी घुमण्याचा आवाज गेला, मग किंचाळण्याचा. हात असा उडवला की खांदा तिथेच गेला. पाळकसाहेब टेबलावर चढून ओरडत होते. हाव कुठे गेली होती कुणास ठाऊक.

आणि मग मर्विनची तक्रार. पुन्हा वजन करा, वाटेत काहीतरी पडलं असणार. क्लिफर्डने गाडी काट्यावर घेतली, वजन बरोबर. मग तपासायला त्याने इस्त्रीवर हात ठेवला आणि असा उडाला, की बस! सायलेन्सरजवळ बसून बसून इस्त्री तापली होती ना. मी बोट ओलं करून लावलं, आई लावायची तसं, आणि ती चुर्र बोलली. कॉलरीला अगदी योग्य. तेव्हा मी पाळकसाहेबांचा रुमाल मागितला, मनुक्यांच्या डागांचा, आणि लिनझीने गाडी तिरकी धरली, आणि सगळ्या समितीपुढे मी तो रुमाल त्या गाडीवरच सरळ करून, घडी घालून मर्विनच्या हातात दिला. "घे, डोळे पूस." त्याने पुसलेसुद्धा, ताई, घाम पुसायच्या नादात.

पण गॉल्ट तो गॉल्ट. काल समितीची बैठक झाली. दोन सिलिंडरच्या गाड्या फारच पळतात, म्हणून पुढच्या शर्यतीपासून त्यांचं वजन वाढवलं. किती वाढवलं? पुन्हा तेवढंच. लिनझी म्हणाली, आता संपलं. मी म्हटलं, कशाचं संपलं? त्यांनी वजन वाढवावं, आपण उचलावं. बायकांना कधी हलकं वजन मिळालंय का? दोन सिलिंडरकडून हरलात तर सरळ हरलो म्हणा, काट्याला कशाला पुढे करता! हे मी समितीच्या दारात उभं राहून सांगितलं, आणि दार त्यांनी हळूच लावून घेतलं, म्हणजे ऐकू गेलं.

बाकी सर्व ठीक. जेवणखाण वेळेवर कर. उत्तर लिही.

तुझी,
नेटा

ता. क. आईच्या इस्त्र्या दोन होत्या, हे तू विसरली नसशील. एक हातात, एक चुलीवर, एक थंड झाली की दुसरी तयार. आई गेल्यावर एक तू नेलीस, एक मी. (चांगल्या मुठीची तू नेलीस. मी इतक्या वर्षांत कधी काही बोलले का?) ती तुझ्या मागच्या दाराला अडकण म्हणून पडलेली असते. दाराला दगडही चालतो.

ता. क. २. पोस्टाने पाठवू नकोस, डाकवाल्याची कंबर मोडेल. स्वतः घेऊन ये. माझ्या खाटेशेजारी तुझं अंथरूण घातलंय आणि लिनझीने सीटखाली बोल्टांची जागा आखून ठेवली आहे. तू येणार असं मी क्लिफर्डला आणि मर्विनला आधीच सांगून टाकलंय, तेव्हा आता नाही म्हणायची सोय नाही.

ता. क. ३. निघताना ती घासूनपुसून लख्ख करू नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. गंजालाही वजन असतं.